बटण दाबल्यावर आधी नुसता ब्लोअरच का फिरतो?

तेलावरच्या बॉयलरचं बटण दाबलं की लगेच जाळ होत नाही. आधी नुसता ब्लोअर घोंघावत राहतो, नवीन पोराला वाटतं मशीन अडकलं. मग ठिणगीची चरचर, मग सोलेनॉइडचा, म्हणजे तेल सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा टक्, मग जाळ. आज हा क्रम कंट्रोलरच्या डबीत आयता मिळतो, पण तो ठरायला बरीच वर्षं गेली आणि त्यातली कितीतरी काळ्या धुरात गेली.

गोष्ट सुरू होते बाकूला. १८७०-८० च्या सुमारास तिथे कच्च्या तेलातून दिव्यांसाठी रॉकेल काढायचे आणि मागे जो जाडजूड माल उरायचा, रशियन लोक त्याला माझूत म्हणतात, तो रॉकेलपेक्षा कितीतरी जास्त असायचा, त्याचं करायचं काय? असलं तेल भट्टीत नुसतं ओतलं तर धड पेटत नाही, पेटलं तरी काजळीच जास्त. मग वाफेच्या झोताने तेल फोडून त्याचा फवारा करायची युक्ती निघाली. व्होल्गावरच्या बोटी यावर चालायला लागल्या, थॉमस अर्कहार्ट नावाच्या इंजिनिअरने ग्र्याझी-त्सारित्सिन लाइनवरची रेल्वे इंजिनं १८८० च्या दशकात तेलावर आणली. फक्त एक गोची होती, तेल फोडायला वाफ पाहिजे आणि वाफ करायला तेल जळायला पाहिजे. गार बॉयलर सुरू करायचा तर आधी लाकडं पेटवा नाहीतर शेजारच्या चालू बॉयलरकडून वाफ उसनी घ्या!

फवारा नीट झाला नाही तर काय होतं ते ब्रिटिश नौदलाने १९०२ ला सगळ्यांसमोर बघितलं. एचएमएस हॅनिबल पोर्ट्समथहून चांगल्या वेल्श कोळशावर निघाली, जरासा पांढरा धूर, आणि इशारा झाल्यावर तेल चालू केलं तर अख्खी बोट काळ्या धुरात गडप. तेलाचा पुरस्कार करणारे अॅडमिरल फिशर आणि शेल या तेल कंपनीचे मार्कस सॅम्युअल बघायला हजर होते, काय वाटलं असेल त्यांना. दोष तेलाचा नव्हता, ते फोडायच्या पद्धतीचा होता. शिवाय समुद्रात वाफेने तेल फोडणं म्हणजे बॉयलरचं गोडं पाणी फुकट घालवणं, म्हणून पुढे प्रेशर जेट आला: तेल गरम करून पातळ करायचं आणि पंपाच्या दाबाने बारीक भोकातून गरगरवत बाहेर काढायचं. आपल्याकडचा एफओचा (फर्नेस ऑइल, म्हणजे जाड तेल) प्रिहीटर, पंपाचं प्रेशर, ते बारीक भोकाचं नोझल, सगळं याच घराण्यातलं. एफओ साधारण शंभर डिग्रीच्या वर तापवल्याशिवाय तिथे नीट फुटतच नाही, एलडीओला, म्हणजे पातळ लाइट डिझेल ऑइलला, ती कटकट नाही.

ब्लोअरचं कारण मात्र वेगळं. जाळ विझला आणि तेल चालूच राहिलं की गरम भट्टीत त्याची वाफ साठते, पुढची ठिणगी पडली की धडाम. जुना माणूस हातात पलिता घेऊन पेटवायचा तेव्हा तो बाजूला उभा राहायचा, समोर नाही, ते उगाच नाही. विजेवरचे ऑटोमॅटिक बर्नर आले तेव्हा हे शहाणपण मशीनमध्ये घालावं लागलं: आधी पर्जिंग, म्हणजे ब्लोअरने भट्टीत साठलेली वाफ बाहेर हाकलणं, मग ठिणगी, मग तेल, आणि काही सेकंदात फोटोसेलला, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या डोळ्याला, जाळ दिसला नाही तर लॉकआऊट: मशीन बंद, रिसेट दाबेपर्यंत चालू होत नाही. रिसेट दाबत बसणारे महाभाग असतातच, दर रिसेटला भट्टीत अजून थोडं तेल जातं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे बॉयलरचा कायदा १९२३ चा (आता त्याच्या जागी २०२५ चा आलाय), पण त्याचं सगळं लक्ष प्रेशर, पत्रा आणि सेफ्टी व्हॉल्व्हवर, जाळ कसा आहे याच्याशी त्याला फार देणंघेणं नव्हतं. छोटे पॅकेज बॉयलर, म्हणजे कारखान्यातूनच जोडून येणारे, पसरले ते नंतर. पुण्याची थरमॅक्स १९६६ ला वॅन्सन इंडिया म्हणून सुरू झाली, तंत्र बेल्जियमचं. आणि तेल स्वस्त होतं तोवर सेटिंग म्हणजे चिमणीकडे बघून डॅम्पर (हवेची झडप) हलवणं, काळा धूर दिसला की हवा वाढव, झालं.

१९७३-७४ ला कच्चं तेल तीनेक डॉलरवरून बाराच्या आसपास गेलं आणि डोळ्यावरचा भरवसा परवडेना. जास्त हवेला धूर नसतो, चिमणी स्वच्छ दिसते, पण तापलेली हवा पैसे घेऊन वर जाते. मग चिमणीतल्या वायूत काय किती आहे ते मोजायला ऑरसॅटच्या काचेच्या नळ्या, हलवून बघायची फायराइटची बाटली, आता डिजिटल अॅनालायझर. पीसीआरए, म्हणजे तेल बचतीसाठीची सरकारी संस्था, १९७८ ला झालं, त्यांनी हे आकडे कारखान्यांत नेले: एफओवर सीओटू तेराच्या आसपास, ऑक्सिजन तीन-साडेतीन टक्के, स्टॅक टेम्परेचर, म्हणजे चिमणीतल्या वायूचं तापमान, वीस-बावीस डिग्री वाढलं की साधारण एक टक्का इंधन गेलं.

तरी क्रम चुकतोच. धूर आला की लोक आधी डॅम्परला हात घालतात, आणि दोष निघतो गार तेलात नाहीतर काजळलेल्या नोझलमध्ये, म्हणजे हॅनिबलवर होता तिथेच.