थ्री-फेज मीटर नाही, मग इलेक्ट्रिक कार घ्यायची की नाही?

'घरी थ्री-फेज मीटर नसेल तर इलेक्ट्रिक कार चार्ज होत नाही', हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही.

गाडीचा पोर्टेबल चार्जर बहुधा १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालतो. २३० व्होल्ट गुणिले १५ म्हणजे जवळपास ३.४ किलोवॉट. रात्रभरात, आठ तासांत, साधारण २५ ते २७ युनिट. युनिटला सहा किलोमीटर धरले तरी दीडशे किलोमीटर झाले. रोजच्या ये-जा करण्याला भरपूर. सातएक किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जरसुद्धा सिंगल फेजवर, म्हणजे घरच्या नेहमीच्या जोडणीवर चालतो. थ्री-फेज लागतो तो ११ किलोवॉटच्या चार्जरला.

पडताळून बघायचं तर वीजबिल काढा. त्यावर 'मंजूर भार', म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॉट वापरता येतील, ते लिहिलेलं असतं. गिझर, एसी, गाडी एकदम चालू धरून बेरीज करा. बसत नसेल तर भार वाढवून घ्या.

खरी काळजी करायची ती वायरिंगची. गिझर थोड्या वेळात बंद होतो, गाडी तासन्‌तास तेवढाच करंट ओढत राहते. म्हणून १५ अँपिअरच्या सॉकेटसाठी मीटरपासून स्वतंत्र चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग हवंच. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा, एक्स्टेन्शन बोर्ड तर वापरूच नका.