रोबॉट मुळात वेठबिगार होता

रोबॉट म्हटलं की लोखंडी अंग, दिव्यांचे डोळे आणि खडखडता आवाज. पण ज्या नाटकाने हा शब्द जगाला दिला, त्यात असला एकही रोबॉट नाही. कारेल चापेक या चेक लेखकाचं 'रोसमचे सार्वत्रिक रोबॉट' १९२० साली छापून आलं आणि १९२१च्या जानेवारीत रंगमंचावर गेलं. त्यातले रोबॉट हाडामांसाचे आहेत. फक्त ते हाडमांस कारखान्यात तयार होतं. पीठ तिंबावं तसा शरीराचा लगदा मोठमोठ्या भांड्यांत घुसळतात. यकृतं आणि मेंदू यांच्या टाक्या वेगळ्या, हाडांचा कारखाना वेगळा आणि नसा कातायला चक्क सूतगिरणी!

शब्द मात्र आपला नव्हे, हे चापेकने १९३३ साली वर्तमानपत्रात लिहून मोकळेपणाने कबूल केलं. नाटक सुचल्यावर तो थोरल्या भावाकडे गेला. योसेफ चित्रकार, कॅनव्हाससमोर उभा राहून रंगवत होता. या कृत्रिम मजुरांना म्हणायचं काय? लॅटिनवरून 'लाबोरी' सुचतंय, पण फार पुस्तकी वाटतंय, अशी कारेलची अडचण. योसेफच्या तोंडात ब्रश होता. तो तसाच ठेवून तो पुटपुटला, मग रोबॉट म्हण. आणि पुन्हा चित्राकडे वळला.

चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. कुळाने ठरलेले दिवस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, अशी ती पद्धत. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती १८४८ साली संपली, म्हणजे चापेकच्या काळात ती घराघरांतल्या आठवणीत असणार. 'रोबॉट' ऐकताना त्या पहिल्या प्रेक्षकांना यंत्राआधी वेठबिगार दिसला असेल, आणि हे मजूर शेवटी मालकांवर उलटतात त्याचं फारसं नवलही वाटलं नसेल. मराठीत आपण 'यंत्रमानव' केला. शब्द सुबक आहे, पण त्यातून नेमकी वेठच गळाली. मुळाशी इमान राखायचं तर 'वेठ्या' म्हणायला हवं होतं. कुणी वापरला नसता, ते सोडा.

'रोबॉटिक्स'ची गंमत वेगळी. रोबॉटच्या शास्त्राचं हे नाव आयझॅक आसिमोव्ह या विज्ञानकथाकाराने १९४१च्या एका कथेत सहज लिहिलं. मेकॅनिक्स असतं, हायड्रॉलिक्स असतं, तसं हेही असणारच, अशी त्याची समजूत. आपण नवा शब्द घडवला हे त्याला पुढे कळलं.

'सायबर'चं मूळ समुद्रावर आहे. ग्रीक भाषेत 'कुबेर्नेतेस' म्हणजे सुकाणू धरणारा. त्यावरून नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने १९४८ साली नियंत्रण आणि संदेशवहनाच्या अभ्यासाला 'सायबरनेटिक्स' म्हटलं. १९६० साली क्लाइन्स आणि क्लाइन या दोन संशोधकांनी 'सायबॉर्ग' हा शब्द काढला, म्हणजे यंत्राची जोड दिलेला सजीव. अंतराळात पृथ्वीची हवा सोबत नेण्याऐवजी माणसाचं शरीरच तिथे जगेल असं का बदलू नये, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे हा शब्द प्रयोगशाळेतून कथेत गेला, उलट नव्हे. पुढे विज्ञानकथाकार विल्यम गिब्सनने १९८२च्या एका कथेत 'सायबरस्पेस' लिहिलं. आता कुठल्याही शब्दाला 'सायबर' चिकटवला की तो संगणकाचा होतो. सुकाणू धरणारा कधीच पाण्यात पडला.

संगणकाच्या 'वर्म'ची कथा मला सगळ्यांत आवडते, कारण इथे कल्पना आणि वास्तव एकमेकांच्या अंगावरच आले. जॉन ब्रनरच्या १९७५च्या कादंबरीत जाळ्यातून पसरणारा, मारता न येणारा प्रोग्रॅम होता. त्याचं नाव टेपवर्म, म्हणजे पट्टकृमी. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या दोघा संशोधकांनी मोकळ्या पडलेल्या संगणकांवर स्वतःहून पसरून काम करणारे प्रोग्रॅम बनवले आणि कादंबरीवरून त्यांना 'वर्म' म्हटलं. हेतू सरळ होता. एका रात्री असाच एक छोटा वर्म त्यांनी चालू ठेवला. सकाळी येऊन बघतात तो डझनावारी संगणक बंद पडलेले. एखादा पुन्हा सुरू करावा, तर वर्म त्यात शिरून त्यालाही आडवा करायचा. काही संगणक तर कुलूपबंद खोल्यांत होते. शेवटी आधीच करून ठेवलेली आणीबाणीची सोय वापरून सगळे वर्म थांबवावे लागले. हे सारं त्यांनी १९८२च्या शोधनिबंधात प्रांजळपणे लिहिलंय.

सगळेच शब्द असे जुन्या मुळांतून उगवत नाहीत. रॉबर्ट हाइनलाइनने १९६१च्या कादंबरीत 'ग्रोक' हा शब्द मंगळावरच्या भाषेतला म्हणून शून्यातून काढला. त्याचा वरवरचा अर्थ पिणे. खोलातला अर्थ एखादी गोष्ट इतकी समजणे की ती आपलाच भाग व्हावी. इंग्रजी वाचकांना तो समजावून सांगावा लागला. आपल्याला कशाला? आपण तर विषय पूर्वीपासूनच कोळून पितो.

'अवतार' मात्र इथून गेला आणि परत आला. 'अवतरणे' म्हणजे खाली उतरणे. १९८०च्या दशकात संगणकीय खेळ रचणाऱ्यांनी पडद्यावरच्या आपल्या रूपाला हे नाव दिलं, आणि १९९२ साली नील स्टीफन्सनच्या कादंबरीने ते लोकप्रिय केलं; 'मेटाव्हर्स'ही त्याच पुस्तकातला. देव उतरायचा पृथ्वीवर, खेळाडू उतरतो पडद्यात. उपमा चपखल आहे. पण मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो त्या खेळवाल्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. विस्कटलेले केस, सुरकुतलेला सदरा अशा थाटात रात्रभर पडद्यासमोर बसून उठलेल्या खेळाडूला बघून घरातलं कुणीतरी म्हणतंच, "काय हा अवतार!"