वचनचिठ्ठीतला भरणा: कागदावरचा आकडा आणि हातात पडलेली रक्कम

धुळे, जळगाव, अमळनेर, कोर्ट कुठलंही असो, वचनचिठ्ठीच्या (ठरलेली रक्कम देण्याच्या सहीनिशी लेखी वचनाच्या) दाव्यात प्रतिवादीची कैफियत ठरलेली: सही माझी, पण पैसे मिळालेच नाहीत. या वादाची मुळं 1859 च्या मुदत कायद्यापर्यंत जातात. नोंदणी नसलेल्या खतावर (कर्जरोख्यावर) दावा लावायला त्या कायद्याने तीनच वर्षं ठेवली. मुदत भरत आली की सावकार कुळाकडून (कर्जदाराकडून) खत बदलून घेई. समजा मुद्दल 100 रुपये आणि व्याज सालाला 24 टक्के. तीन वर्षांनी नव्या खतात मुद्दल 172, आणखी एका फेऱ्यात जवळपास 296. मजकूर दर वेळी तोच, ‘रोख भरून पावलो’. कुळाच्या हाती मात्र नवा रुपया एकही नाही. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ न देणारा दामदुपटीचा नियमही इथे लंगडा पडे, कारण व्याजच मुद्दल होऊन बसलेलं.

मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला, खतं जाळली गेली. त्यातून आलेला 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा मूळचा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगरपुरता. खानदेशला तो पुढे लागू झाला. त्याच्या कलम 12 ने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहार पहिल्या रुपयापासून उकलायला सांगितलं.

गंमत म्हणजे दोनच वर्षांनी आलेल्या 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं तोंड उलट दिशेला होतं. हुंडी, चिठ्ठी हातोहात फिरायची तर दर वेळी मोबदल्याचा, म्हणजे चिठ्ठीच्या बदल्यात काय दिलं त्याचा, पुरावा मागून बाजार चालत नाही. म्हणून कलम 118(क): विरुद्ध सिद्ध होईपर्यंत मोबदला दिला असंच गृहीत धरायचं.

या दोन टोकांचा मेळ कुंदनलाल रल्लाराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये घातला. वादीने हिशोबाच्या वह्या दडवल्या तर त्या त्याच्याच विरुद्ध जातील असं अनुमान काढता येतं, आणि तेवढ्यानेही कलम 118 चं गृहीतक मोडू शकतं. 1999 च्या भारत बॅरल निकालाने प्रतिवादीचीही हद्द आखली: नुसता नकार चालणार नाही, पटण्याजोगी शक्यता दाखवावी लागेल, ती दाखवली की मोबदला शाबीत करायचं ओझं वादीवर.

वादी घसरतो तो बहुधा उलटतपासात. चिठ्ठीत ‘रोख तीन लाख’, आणि साक्षीत निघतं की निम्मी रक्कम कपाशीच्या बियाण्या-खताची जुनी उधारी. उधारी हा मोबदला होऊ शकतो. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं सहीनिशी लेखी वचनसुद्धा करार कायद्याच्या कलम 25(3) खाली चालतं. पण कागद एक आणि जबानी दुसरी झाली की गृहीतकाची धार जाते. म्हणून भरण्याचा तपशील खरा लिहावा: जुनी बाकी किती, आज रोख किती, बँकेतून किती. रोजमेळ आणि खतावणी सोबत हवीच, पण नुसत्या वहीच्या नोंदीवर देणं लादता येत नाही. पैसे काढल्याचा बँक उतारा किंवा देताना हजर असलेला माणूस लागतो.

तिकिटाची, म्हणजे मुद्रांकाची, चूक सगळ्यात महागात पडते. वचनचिठ्ठीला योग्य तिकीट नसेल तर दंड भरूनही ती पुराव्यात घेता येत नाही. आणि ‘मागाल तेव्हा देईन’ अशा चिठ्ठीची तीन वर्षं मागणीपासून नाही, चिठ्ठीच्या तारखेपासूनच मोजतात.