पुरात आईवडील गेलेल्या मुलांसाठी: बेळगाव सीमाभागात अर्ज कुठे, कागद कोणते

ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर चिकोडी, निपाणी, खानापूरकडच्या नदीकाठच्या गावांना पंचनामा ही गोष्ट सवयीची झाली. घर, पीक, जनावरं यांची नोंद तलाठी करून नेतात. मागे राहिलेल्या लेकराची नोंद मात्र नातेवाइकांनी स्वतः उठून केल्याशिवाय बहुतेक वेळा होत नाही.

पहिलं काम जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर मुलाला नेण्याचं. बाल न्याय कायदा 2015 नुसार नैसर्गिक आपत्तीची झळ बसलेलं मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं. एकटं सापडलेलं मूल 24 तासांच्या आत समितीपुढे न्यावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. पोलीस, अंगणवाडी ताई, नातेवाईक कुणीही नेऊ शकतं, मूल स्वतःही जाऊ शकतं. काहीच सुचत नसेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

“पोरगं मामाकडे सुखरूप आहे, मग समिती कशाला?” असं घरोघरी विचारलं जातं. समितीच्या आदेशामुळे ते मूल कायद्याने कुणाच्या ताब्यात आहे हे कागदावर येतं, आणि पुढची मदत मिळवताना तोच कागद आधार ठरतो. मृत्यूचा दाखला हाती येईपर्यंत थांबू नका. आईवडील बेपत्ता असले तरी समिती मुलाचं प्रकरण घेते. सामाजिक चौकशीचा अहवाल 15 दिवसांत आणि अंतिम आदेश 4 महिन्यांत व्हावा, असं कायदा सांगतो. सांभाळायला तयार असलेली आत्या गडहिंग्लज किंवा चंदगडला राहत असेल, तर तिकडच्या समितीशी विचारविनिमय करून प्रकरण पाठवण्याची विनंती करा. “कुणाला तरी दत्तक देऊन टाकू” असं परस्पर ठरवणं मात्र गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

पैशांची मदत दोन ठिकाणची. मराठी वाहिन्यांवर ऐकून अनेक जण बालसंगोपन योजनेबद्दल विचारतात, पण ती महाराष्ट्राची. कर्नाटकात राहणाऱ्या मुलासाठी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली स्पॉन्सरशिप आहे: दरमहा 4,000 रुपये, जास्तीत जास्त वयाच्या 18 व्या वर्षापर्यंत. नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं यात बसतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपयांच्या आत हवं. अर्ज जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे करायचा. आपत्तीतल्या मृत्यूसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे मृत व्यक्तीमागे 4 लाख रुपयांची भरपाई वेगळी मिळते. त्यासाठी तहसीलदारांकडे जा.

सोबत ठेवायचे कागद: मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड, आईवडिलांचे मृत्यूदाखले, सांभाळणाऱ्याचं आधार आणि रेशनकार्ड, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढलेला उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या नावाचं बँक पासबुक, फोटो. भरपाईसाठी पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालही लागतो. पुरात कागदच वाहून गेले असतील तर शाळेच्या रजिस्टरपासून सुरुवात करा, बाकीचे त्यावरून उभे करता येतात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते, आणि 21 दिवसांत केली तर फी पडत नाही. प्रेत वाहत जाऊन दुसऱ्या तालुक्यात सापडलं असेल तर आधी तिकडे चौकशी करा, नाहीतर आपल्याच पंचायतीत खेटे घालत बसाल.

कानडी फॉर्म पाहून म्हातारी माणसं परत फिरतात, हे फार जिवाला लागतं. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठीत लिहा, कानडी येणाऱ्या शेजाऱ्याकडून फॉर्म भरून घ्या, दोन्ही एकत्र जोडा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

शेतजमिनीबद्दल: वारसा म्हणून मुलाचं नाव उताऱ्यावर लावून घ्या. मूल सांभाळतो म्हणून काकाला ती जमीन विकता येत नाही. त्यासाठी आधी न्यायालयातून पालकत्व आणि विक्रीची परवानगी घ्यावी लागते.