एलएनजीची टाकी घेताय? पत्र्याच्या जाडीवर थांबू नका

गोव्यात वेर्णा असो की कुंडई, कारखान्यात एलएनजीची (द्रवरूप नैसर्गिक वायूची) टाकी बसवायची म्हटलं की आम्हाला पहिला प्रश्न ठरलेला: "पत्रा किती जाड?" प्रश्न रास्त आहे. पण टाकीचा कस लागतो तो दोन पत्र्यांच्या मधल्या जागेत, आणि ती बाहेरून दिसत नाही.

एलएनजी उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. एवढ्या थंडीत साधं पोलाद ठिसूळ होतं, म्हणून आतली टाकी स्टेनलेस स्टीलची असते. बाहेरची साध्या पोलादाची. मध्ये परलाइट या उष्णता अडवणाऱ्या हलक्या खनिजाची भुकटी भरून हवा ओढून घेतलेली; अवाढव्य थर्मासच म्हणा. हवा काढल्यामुळे बाहेरच्या पत्र्यावर दर चौरस मीटरला सुमारे १० टनांचा भार येतो. तो आत चेपू नये म्हणून त्याला गोलाकार कडी जोडलेली असतात.

आतली टाकी मोजक्या आधारांवर तोललेली असते, आणि खरी कसोटी इथेच. आधार वाढवले की बळकटी वाढते, पण बाहेरची उष्णता आत शिरायला तेवढ्या वाटाही होतात. म्हणून ताकद असूनही उष्णता कमी वाहणारे ग्लास फायबरचे आधार वापरतात. शिवाय १० मीटर लांबीची स्टीलची टाकी थंड होताना अडीच-तीन सेंटिमीटर आखडते. दोन्ही टोकं जखडली तर तो ताण वेल्डिंगवर जाईल. त्यामुळे एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं ठेवतात. कोटेशनमध्ये हे लिहिलेलं नसेल तर विचाराच.

टँकर घेणार असाल तर आत भोकांचे आडवे पडदे आहेत ना, तेही विचारा. अनमोड घाट उतरताना ब्रेक लागला की अर्धवट भरलेला द्रव पुढे उसळतो. ते धक्के आधी पडद्यांवर बसतात आणि शेवटी आधारांवर येतात.

पेसोची (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची) मंजुरी आणि चाचणीचे कागद आम्ही टाकीसोबत देतो.

आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, तेव्हा बाहेरचा रंग सांभाळा. पावसाळ्यात टाकीला थोडा घाम येणं वेगळं. पण बाकी टाकी कोरडी असताना एकाच जागी सतत दव किंवा बर्फ धरत असेल, तर निर्वात पोकळी बिघडल्याची शंका घ्या आणि आम्हाला बोलवा. शिडी, बोर्ड, दिव्याचा क्लँप, काहीही लावायचं असो, बाहेरच्या पत्र्यावर परस्पर वेल्डिंग करू नका.