लहान कारखान्यांसाठी माहितीपत्रक : माणसांशी केलेला व्यवहार कागदावर कसा उतरवावा

सप्रेम नमस्कार.

भोसरी, चाकण आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील लहान कारखान्यांची पगारपत्रके, भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विम्याचा भरणा आणि नोकरीविषयक इतर कागदपत्रे यांचे काम आमचे कार्यालय पाहते. आमच्या बहुतेक ग्राहकांकडे दहा ते पन्नास माणसे काम करतात. तेथे वेगळा मनुष्यबळ विभाग नसतो. माणूस मालक निवडतात, हजेरी हिशेबनीस लिहितात आणि रजा सुपरवायझर देतात. या तिघांनी त्याच कामगाराला तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात आणि कामगाराच्या त्या तिन्ही लक्षात असतात. आमच्यापर्यंत येणाऱ्या वादांपैकी पुष्कळसे येथूनच सुरू झालेले असतात. पगार किती, यापेक्षा काय ठरले होते, यावर ते अधिक असतात. म्हणून कामगाराला जे सांगितले ते लिहावे, जे लिहिले ते वेळेवर द्यावे आणि दिल्याची नोंद ठेवावी, एवढाच आमचा आग्रह आहे. तो प्रत्यक्षात कसा पाळायचा, हे पुढे सविस्तर दिले आहे.

हे पत्रक आत्ताच काढण्याचे कारण असे की २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतनाविषयीची २०१९ ची संहिता आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा यांविषयीच्या २०२० च्या तीन संहिता मिळून एकोणतीस जुन्या कायद्यांची जागा घेतात. संक्रमणाच्या काळात जुने नियम आणि योजना संहितांशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतात, त्यामुळे सगळे एका रात्रीत बदलले असे नाही. मात्र लहान कारखान्याच्या रोजच्या व्यवहाराला थेट लागू होणाऱ्या काही तरतुदी नव्या आहेत आणि त्या समजून घेणे निकडीचे आहे.

नियुक्तीपत्र

प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे आता बंधनकारक आहे. जे आधीपासून कामावर आहेत आणि ज्यांना पत्र मिळालेले नाही, त्यांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते द्यावयाचे आहे. ज्यांचे हे काम राहिले असेल त्यांनी ते सर्वांत आधी पूर्ण करावे.

‘पत्र दिले की माणूस कायम होतो, म्हणून आम्ही देत नाही,’ असे पुष्कळ मालक आम्हाला सांगतात. ही समजूत चुकीची आहे आणि मालकाचेच नुकसान करणारी आहे. कामगाराचे हक्क त्याने प्रत्यक्ष केलेल्या कामातून निर्माण होतात. हजेरीपट, बँकेत जमा झालेला पगार आणि विम्याची वर्गणी यांवरून त्याची नोकरी सिद्ध होतेच. पत्र नसेल तर सिद्ध होत नाहीत त्या मालकाच्या अटी : परिवीक्षेचा (नव्या माणसाला पारखण्याचा) काळ किती होता, नेमणूक ठराविक मुदतीची होती का, सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची होती. वाद उभा राहिला की हे सारे तोंडी राहते आणि तोंडी अटींवर कोणी विसंबत नाही.

पत्रात रुजू झाल्याची तारीख, पद, कामाचे स्वरूप, कुशल की अर्धकुशल हा वर्ग, वेतनाची फोड, पाळीची वेळ, साप्ताहिक सुट्टी, रजा आणि सूचनेचा कालावधी स्पष्ट असावा. साप्ताहिक सुट्टीचा उल्लेख अनेक जण गाळतात. आपल्या औद्योगिक पट्ट्यात ती गुरुवारी असते आणि बाहेरगावाहून आलेल्या नव्या माणसाला ते ठाऊक असतेच असे नाही. या सुट्टीमागे मोठा इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेल्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. इतक्या कष्टाने मिळालेला तो दिवस ‘माल पाठवायचा आहे’ म्हणून तोंडी आदेशाने वारंवार बुडवणे आम्हाला गैर वाटते. कामाची निकड खरी असेल तर बदली सुट्टी द्यावी आणि तिची तारीख हजेरीपटावर त्याच दिवशी लिहावी.

पत्र कामगाराला वाचता येईल अशा भाषेत द्यावे. मराठी माणसाला मराठीत, उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेल्या माणसाला त्याला कळत असल्यास हिंदीत. ज्या कागदावर सही घेतली तो समजलाच नव्हता, असे म्हणण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

वेतनाची फोड

मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली आहे, कारण भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांनुसार नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) यांचा बोजा त्यामुळे कमी होतो. संहितांमधील वेतनाच्या नव्या व्याख्येने ही वाट बरीचशी बंद केली आहे. घरभाडे, प्रवास यांसारखे वेतनातून वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरली जाते.

समजा, एकूण मोबदला २६,००० रुपये आहे, त्यात मूळ पगार ९,००० आणि वगळलेले भत्ते १७,००० आहेत. निम्मे म्हणजे १३,०००. भत्ते त्यापेक्षा ४,००० ने जास्त असल्यामुळे ते ४,००० मूळ पगारात मिळवले जातील आणि कायद्याच्या दृष्टीने वेतन १३,००० धरले जाईल. ग्रॅच्युइटी काढताना मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणतात. जुन्या फोडीनुसार सेवेच्या एका वर्षामागे सुमारे ५,१९२ रुपये होत होते, आता ७,५०० होतील. हा फरक प्रत्येक कामगारामागे आणि प्रत्येक वर्षामागे आहे. तो आजच हिशेबात धरला नाही, तर माणूस निवृत्त होईल त्या महिन्यात एकदम समोर येईल. आमचा सल्ला असा की फोड पुन्हा आखताना कामगाराच्या हातात येणारी रक्कम का बदलली किंवा का बदलली नाही, हे त्याला समोर बसवून आकड्यांनिशी सांगावे. निधीत जाणारी रक्कम वाढून हातातला पगार थोडा कमी झाला आणि कोणी काही सांगितले नाही, तर कामगार आपले पैसे कापले गेले असेच समजतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

खाडे, उचल आणि दंड

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. खाड्याची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येते. वीस मिनिटे उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, ती या नियमात बसत नाही. वेळेची शिस्त हवी हे खरे, परंतु त्यासाठी उशिराची नोंद, लेखी समज आणि तरीही सुधारणा नसेल तर रीतसर कारवाई हा मार्ग आहे. दंड करावयाचाच असेल तर त्या वेतनकाळातील एकूण दंड वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि दंडाची रक्कम मालकाकडे जमा न होता कामगारांच्याच हितासाठी वापरावी लागते.

उचल हा लहान कारखान्यातील फार जिव्हाळ्याचा व्यवहार आहे. मुलीचे लग्न, गावाकडचे घर, दवाखाना, गणपतीला गावी जाणे, अशा वेळी मालकाने दिलेली उचल कामगार विसरत नाही. पण ती बहुधा डायरीच्या मागच्या पानावर लिहिलेली असते. उचल देताना रक्कम, हप्ता आणि पहिल्या कपातीचा महिना लिहून दोघांनी सही करावी आणि दर महिन्याच्या पगारचिठ्ठीवर शिल्लक दाखवावी. सर्व कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ देऊ नयेत, कारण कायद्याची ती मर्यादा आहे.

एका ग्राहकाच्या पगारपत्रकात आम्ही स्वतः एकदा उचलीचा हप्ता दोन महिने दुप्पट कापला होता. चूक आमची होती. ती लक्षात आली कारण त्या कामगाराला पगारचिठ्ठी मिळत होती आणि तो ती वाचत होता. तेव्हापासून पगारचिठ्ठीशिवाय पगार करण्याचे काम आम्ही घेत नाही.

निधी आणि विमा

भविष्य निर्वाह निधी आणि विमा यांची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरावी लागते. विम्यात कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. मुदत पाळण्याचे आणखी एक कारण आयकरात राहिले आहे. कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी विहित तारखेनंतर भरली तर ती व्यवसायाचा खर्च म्हणून वजा मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता. त्या निर्णयानुसार एका दिवसाचा उशीरसुद्धा त्या रकमेवर कर भरायला लावत होता.

याहून जास्त त्रास नावातील फरकांमुळे होतो. आधार कार्डावरील नाव, जन्मतारीख आणि निधीच्या खात्यातील नोंद जुळत नसेल तर कामगाराचा अर्ज अडकतो. माणूस रुजू होतो त्याच दिवशी त्याचा जुना निधी क्रमांक विचारून घ्यावा आणि ही जुळणी करून घ्यावी. वारसाची नोंदही त्याच दिवशी करावी. लग्नाआधी केलेली नोंद लग्नानंतर बदलायची राहून जाते आणि घरात दुःखद प्रसंग आला असताना पत्नीला कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हे आम्ही पाहिले आहे. पाच मिनिटांचे ते काम तेव्हा केले असते तर त्या घराचे कित्येक महिने वाचले असते.

माणूस सोडून जातो तेव्हा

कारखान्याची खरी पारख येथे होते, असे आमचे मत आहे. नव्या वेतन संहितेनुसार कामगाराला काढले असो वा त्याने स्वतः राजीनामा दिलेला असो, त्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचे आहे. ‘पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर हिशेब करू’ हे आता चालणार नाही. त्यासाठी शिल्लक रजा, उचल आणि साहित्याची नोंद दर महिन्याला अद्ययावत असली पाहिजे, कारण दोन दिवसांत जुनी वह्या-पुस्तके उकरता येत नाहीत. निधीच्या संकेतस्थळावर सोडल्याची तारीखही लगेच नोंदवावी. ती नोंदवली नाही तर कामगाराला पैसे काढण्यात किंवा खाते वळवण्यात अडचण येते.

ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांच्या आत द्यावी लागते. शेवटचे वेतन २०,८०० रुपये आणि सेवा बारा वर्षे असेल, तर २०,८०० भागिले २६, गुणिले १५ म्हणजे वर्षाला १२,००० आणि बारा वर्षांचे १,४४,००० रुपये होतात. सहा महिन्यांहून जास्त असलेला शेवटचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते, परंतु मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही, आणि ठराविक मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपल्यावरही आता ती अट राहिलेली नाही. ही रक्कम मालकाची मेहेरबानी नाही आणि सद्भावनेची भेटही नाही. ती मिळवलेली रक्कम आहे, आणि निरोपाच्या दिवशी ती तशाच शब्दांत द्यावी.

तक्रार ऐकण्याची जागा

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे आवश्यक आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असावी, किमान निम्म्या सदस्य महिला असाव्यात आणि एक सदस्य कारखान्याबाहेरील असावा. ‘आमच्याकडे दोनच महिला आहेत, गरज काय?’ असे विचारले जाते. कायदा एकूण माणसे मोजतो, महिलांची संख्या नव्हे. आणि जेथे दोनच महिला आहेत तेथे त्यांना बोलण्यासाठी जागा अधिकच हवी. गोव्यातील एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या ढिसाळ अंमलबजावणीबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली होती. भिंतीवर नावे लावली म्हणजे समिती झाली असे नाही. सदस्यांना चौकशी कशी करावी हे माहीत असावे लागते. वीस किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समितीही लागते, तिच्यात मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी असतात.

समितीच्या आधी मात्र सुपरवायझर येतो. उत्तम टर्नरला आपण सुपरवायझर करतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने माणसे सांभाळावीत अशी अपेक्षा धरतो. यंत्रावरचे कसब शिकायला त्याला दहा वर्षे लागली होती. माणसाला चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन चूक कशी सांगावी, रजेचा अर्ज का नाकारला हे कसे समजवावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. महिन्यातून एकदा मालकांनी सुपरवायझरबरोबर अर्धा तास बसून गेल्या महिन्यातील रजा, वाद आणि नव्या माणसांची प्रगती यांची चर्चा करावी, एवढे जरी केले तरी फरक दिसतो. सरावलेला ऑपरेटर पगारासाठी सोडून गेला असे आपण म्हणतो. त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाच्या हातून पहिले काही महिने किती माल नाकारला जातो, याचा हिशेब एकदा करून पाहावा.

आमच्याकडे येताना

पहिल्या बैठकीसाठी मागील तीन महिन्यांचे हजेरीपट व पगारपत्रके, उचलीची वही, निधी व विम्याची भरणा-पत्रे आणि दिलेली असतील तेवढी नियुक्तीपत्रे आणावीत. कागद अपुरे आहेत म्हणून येणे लांबवू नये, जे आहे त्यावरूनच सुरुवात करता येते. शक्य असल्यास हजेरी लिहिणाऱ्या हिशेबनीसांना आणि एका सुपरवायझरना बरोबर आणावे. गुरुवारी आपले कारखाने बंद असतात, म्हणून त्या दिवशी आमचे कार्यालय मुद्दाम उघडे ठेवलेले असते.