बाळाच्या काविळीवर प्रकाशाचा उतारा कसा सापडला

डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट आणि वरून निळा उजेड. ‘बाळाला लाइटखाली ठेवलंय’ हे प्रसूतिगृहात नेहमी कानावर पडणारे वाक्य आहे. या उपचाराची सुरुवात एका परिचारिकेच्या बारीक नजरेतून झाली.

इंग्लंडच्या एसेक्समधील रोचफर्ड जनरल हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा कक्ष सांभाळत. इन्क्युबेटरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या पेटीच्या) कोंदट हवेपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवते, असे त्यांचे ठाम मत. म्हणून हवा चांगली असली की त्या बाळांना अंगणात नेत. १९५६च्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या फेरीत त्यांनी जरा बिचकतच एक बाळ उघडे करून दाखवले. त्याचे अंग फिकट पिवळे होते, पण एक त्रिकोणी पट्टा मात्र गडद पिवळा. बालरोगतज्ज्ञ डॉब्ज यांना वाटले, औषध लावले असेल. खरे तर तेवढ्याच भागावर चादरीचे टोक आले होते. बाकीच्या अंगाची कावीळ उन्हाने उतरली होती.

काही आठवड्यांनी काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली. तिच्यातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग आणणारे द्रव्य, अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले. त्याच रुग्णालयातील क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी निळसर ट्यूबलाइटचे उपकरण वापरून प्रयोग केले आणि १९५८ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. लेखकांत सिस्टर वॉर्ड यांचे नाव नाही, याची खंत वाटते.

हा शोध फार मोलाचा होता. बिलिरुबिन बेसुमार वाढले की ते मेंदूत शिरते; बाळ दगावते किंवा कायमचे बहिरे, अपंग होते. तेव्हा त्यावर खात्रीचा उपाय एकच, अंगातले रक्त थोडेथोडे काढून दुसरे भरणे. तरीही अमेरिकेत प्रकाशोपचार रुजला तो १९६८ मध्ये बालरोगतज्ज्ञ जेरॉल्ड ल्युसी यांची चाचणी प्रसिद्ध झाल्यावर. नवजात यकृताला जे झेपत नाही ते प्रकाश कसे साधतो, हे त्यानंतर उलगडले: निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूची ठेवण बदलते, तो पाण्यात विरघळतो आणि पित्त व लघवीवाटे निघून जातो. ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश यासाठी सर्वांत उपयोगी. त्यात अतिनील किरणांची गरज नसते.

आपल्याकडे आजही बाळाला कोवळे ऊन दाखवतात. पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही, उघडे बाळ गारठू शकते, आणि त्या भरवशावर तपासणी लांबते. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ तर लगेच डॉक्टरांना दाखवायलाच हवी.